धावते समालोचन, खेळांचे

मैदानावर चालू असलेला सामना, तो न पाहणाऱ्या श्रोत्यास घडत असतानाच शब्दांतून ऐकविण्याची कला. नभोवाणीबरोबर ती वाढली. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनम येथील इंग्‍लंड-वेल्स रग्बी सामन्याचे समालोचन टेडी वेकलम यांनी बीबीसीवरून केले. त्या वेळी त्यांच्याजवळ मुद्दाम एका अंध व्यक्तीस बसविले होते व वर्णन तिलाच उद्देशून करावे, अशी योजना होती. या कलेची याहून नेमकी कसोटी नंतरही कोणी सुचविलेली नाही.

भारतात मुंबईच्या चौरंगी व पंचरंगी क्रिकेट सामन्यांच्या काळात बॉबी तल्यारखान यांचे इंग्रजी समालोचन गाजले. ते दिवसभर एकट्यानेच बोलत. मराठीत बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटला घरगुती भाषा दिली. ते स्वतः खेळाडू असल्याने त्यांच्या वर्णनात चेंडूचा टप्पा व क्षेत्ररक्षकाची जागा हे तपशील सुटत नसत.

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. मोठ्या सामन्यांची मैदाने दूर. त्यामुळे येथील बहुसंख्य लोकांना कसोटी क्रिकेट प्रथम कानांनीच कळले. ट्रँझिस्टर आल्यावर ते शेतात व पारावरही पोहोचले. मध्यम लहरी दिवसा फार दूर जात नाहीत, रात्री मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन लांबवर ऐकू येतात. म्हणून दिवसाच्या सामन्यात खरखरीतून धावसंख्या वेचावी लागे. ऑगस्ट १९७१ मधील ओव्हलचा विजय, तसेच १५ मार्च १९७५ रोजी क्वालालुंपूर येथे भारताने पाकिस्तानवर २–१ असा मिळविलेला हॉकी विश्वचषक, हे देशभर मुख्यतः ऐकलेले विजय होत.

जिल्ह्यातील देशी खेळ मुळातच श्राव्य आहेत. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने ‘खो’ स्पष्ट व मोठ्याने उच्चारावा लागतो. कबड्डीत दम ऐकूनच चढाई वैध ठरते. (धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.) जत्रेतील कुस्तीच्या फडात हलगीची लय वाढली, की कडेच्या गर्दीतील मागच्या माणसासही डाव रंगल्याचे कळते. ध्वनिक्षेपकावरून मल्लाचे गाव, वस्ताद व डाव सांगणारा निवेदक हा या फडांचा अविभाज्य घटक झाला असून कोल्हापूर भागातील शंकर पुजारी यांचे नाव त्यात विशेष प्रसिद्ध आहे. धाराशिव येथे २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली.

दूरचित्रवाणीमुळे समालोचनाचे स्वरूप पालटले. चित्र समोर असल्याचे गृहीत धरून समालोचक बराच वेळ गप्प राहतो किंवा भलत्याच आठवणी सांगतो. धावसंख्या पडद्यावर लिहिलेली असल्याने ती उच्चारली जात नाही. डोळस प्रेक्षकाचे यात काही बिघडत नाही, अंध श्रोत्याचा मात्र सामनाच हरवतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये ही उणीव खेळातच भरून काढली आहे. चेंडूत छर्रे असून तो खुळखुळतो, आणि गोलंदाज फलंदाजास तयार आहेस का असे विचारून, ‘प्ले’ असे ओरडून चेंडू टाकतो. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये दिल्ली येथे झाली.