'नॅनेट': स्वतःवर हसणं नाकारणारा स्टँड-अप शो

जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर तासाभराहून थोडा मोठा स्टँड-अप शो आला. सुरुवातीला सिडनी ऑपेरा हाऊसमधले प्रेक्षक खळखळून हसताना दिसतात. शेवटाकडे मात्र सभागृहात चिडीचूप शांतता असते. कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांचा हा शो म्हणजे 'नॅनेट'. स्त्रिया आणि समलैंगिक व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहांवर विनोद कसा वार करू शकतो आणि कुठे कमी पडतो, याची चर्चा आजही या शोशिवाय पूर्ण होत नाही.

हॅना गॅड्सबी कोण आहेत?

गॅड्सबी यांचं बालपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, स्मिथटन या छोट्या गावात गेलं. टास्मानियात पुरुषांमधले समलैंगिक संबंध १९९७ पर्यंत कायद्याने गुन्हा होते. हा कायदा रद्द करणारं ते ऑस्ट्रेलियातलं शेवटचं राज्य. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यावर ताशेरे ओढले, तेव्हा बेटावर या विषयावरून टोकाचा वाद सुरू होता. आपण समलैंगिक आहोत हे गॅड्सबी यांना याच काळात उमगत होतं. आजूबाजूची माणसं ज्याला पाप म्हणत होती ते आपणच आहोत, ही लाज त्या वयात मनात रुजली, असं त्यांनी शोमध्ये सांगितलं आहे.

'नॅनेट' हे नाव मात्र योगायोगाने आलं. कॅफेत भेटलेल्या एका बाईचं हे नाव. तिच्यावर तासभर विनोद करता येतील असं गॅड्सबी यांना वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. शोचं नाव तेवढं राहिलं.

स्वतःवर विनोद करण्यात काय बिघडलं?

स्वतःवर हसू शकणारा माणूस आपल्याला मोठ्या मनाचा वाटतो. गॅड्सबी यांची कारकीर्दही अशाच विनोदांवर उभी राहिली होती. पण 'नॅनेट'मध्ये त्यांनी प्रश्न विचारला, की ज्याला समाजाने आधीच खालच्या पायरीवर ठेवलं आहे, तो स्वतःची टिंगल करतो तेव्हा त्याला नेमकं काय मिळतं? त्यांच्या मते ती नम्रता नसते, तो अपमान असतो. बोलायची परवानगी मिळावी म्हणून स्वतःच करून घेतलेला.

विनोद कुठे थांबतो?

यासाठी गॅड्सबी विनोदाची रचनाच उलगडून दाखवतात. विनोदाला दोन भाग पुरतात. सेटअपमध्ये ताण निर्माण करायचा आणि पंचलाइनने तो सोडवायचा. गोष्टीला मात्र तीन भाग लागतात: सुरुवात, मध्य आणि शेवट. म्हणजे एखादा अनुभव विनोदात बसवायचा, तर त्याचा शेवट कापावा लागतो.

याचं उदाहरण शोमध्येच आहे. सुरुवातीला गॅड्सबी बस स्टॉपवरचा एक किस्सा सांगतात. हा 'पुरुष' आपल्या मैत्रिणीशी लगट करतोय असं वाटून एक जण त्यांच्या अंगावर धावून येतो. समोर बाई आहे हे कळल्यावर माफी मागतो आणि आपण बायकांवर हात उगारत नाही, असंही ऐकवतो. प्रेक्षक हसतात, किस्सा संपतो.

शेवटाकडे हाच किस्सा परत येतो आणि या वेळी पूर्ण सांगितला जातो. तो माणूस परत आला होता. समोरची बाई समलैंगिक आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मारहाण केली. कुणी मध्ये पडलं नाही. गॅड्सबी पोलिसांकडे गेल्या नाहीत, दवाखान्यातही नाही, कारण आपली लायकी एवढीच आहे असं तेव्हा वाटलं होतं.

किस्सा हसण्याजोगा राहावा म्हणून हा भाग वर्षानुवर्षं गाळला जात होता. हे सांगून झाल्यावर सभागृहात जो ताण तयार होतो, तो गॅड्सबी विनोदाने सोडवत नाहीत. वेगळी माणसं असा ताण सतत सोबत घेऊन जगतात, तो आता तुम्हीही थोडा सांभाळा, असा त्यामागचा विचार आहे.

पिकासो मध्येच कुठून आला?

गॅड्सबी यांनी कलेच्या इतिहासात पदवी घेतली आहे. पंचेचाळिशीतल्या पिकासोचे १७ वर्षांच्या मारी-तेरेझ वॉल्टरशी संबंध होते, तरी त्याचं कौतुक करताना हे बाजूला कसं ठेवलं जातं, असा सवाल त्या करतात. क्युबिझमने एकच वस्तू अनेक कोनांतून दाखवली हे त्यांना मान्य आहे. पण त्या अनेक कोनांत एका तरी बाईचा कोन होता का, हा त्यांचा प्रश्न आहे. पुरुषाची प्रतिभा जपण्यासाठी बाईची गोष्ट गाळणं आणि हशा मिळावा म्हणून किश्शाचा शेवट गाळणं, या दोन्हींत शोला एकच सवय दिसते.

टीका काय झाली?

याला कॉमेडी म्हणायचं की भाषण, हा आक्षेप सर्वात जास्त घेतला गेला. पण शोचा पहिला भाग चांगलाच हसवतो. विनोदावर पकड असल्याशिवाय तो असा मोडून दाखवता येत नाही. २०१७ च्या एडिनबरा फेस्टिव्हलमध्ये 'नॅनेट'ला सर्वोत्तम कॉमेडी शोचा पुरस्कार विभागून मिळाला आणि २०१९ मध्ये लेखनासाठी एमी मिळाला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये गॅड्सबी यांच्या सहभागाने पिकासोवर भरलेल्या प्रदर्शनावर मात्र समीक्षकांनी सडकून टीका केली.

पुढे काय झालं?

'नॅनेट'मध्ये गॅड्सबी यांनी कॉमेडी सोडण्याची भाषा केली होती, पण ती सुटली नाही. २०२० मध्ये 'डग्लस' आला. त्यात स्वतःच्या ऑटिझमबद्दल बोलणं आहे. २०२१ मध्ये डेव्ह शपेलच्या 'द क्लोजर'मधल्या ट्रान्स व्यक्तींवरच्या विनोदांवरून वाद पेटला. कंपनीच्या बचावात टेड सारंडोस यांनी गॅड्सबी यांचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी नेटफ्लिक्सला जाहीरपणे फटकारलं. २०२४ मध्ये त्याच नेटफ्लिक्सवर त्यांनी जेंडरक्वीअर कॉमेडियन्सचा शो सादर केला.

धाडसी कॉमेडी म्हणजे कुणालाही न सोडणारी कॉमेडी, असा एक समज आहे. 'नॅनेट' पाहिल्यावर धाडसाचा दुसरा अर्थ समोर येतो: हशा मिळाल्यानंतरही गोष्ट पुढे सांगत राहणं.