पाखरांची राखण

सातवाहन नृपती हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त भातशेताची राखण करणाऱ्या तरुणी वारंवार भेटतात, आणि ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरदाचे वर्णन करताना कालिदासाने रघूचे यश ज्यांच्या मुखी घातले, त्याही उसाच्या सावलीत बसून साळीचे रक्षण करणाऱ्या स्त्रियाच होत. कवींना त्यांच्या प्रणयाचे व गाण्याचे कौतुक. पाखरू उठवायला तो जागता आवाजच उपयोगी पडे, ही साधी गोष्ट काव्याच्या ओघात नजरेआड होते.

दख्खनच्या ज्वारीच्या मुलखात हे काम माळ्यावरून चाले. कणसात दाणा भरू लागला की चार मेढी रोवून उभारलेल्या या माळ्यावर घरातली बायका-मुले उजाडताच चढून बसत; कारण परमुलखातून थव्याथव्यांनी येणाऱ्या भोरड्या आणि गावच्या चिमण्या यांची मुख्य धाड सकाळी व दिवस कलताना पडते. हाताशी गोफण असे. तिच्या विणलेल्या खळीत गुंडा ठेवून, एका दोरीचा फास बोटात अडकवून व दुसरीचे टोक चिमटीत धरून ती डोक्याभोवती गरगर फिरविली आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडली, की गुंडा लागो न लागो, दोरीच्या फटकाऱ्यानेच थवा उधळे. सरकारचा सारा आणि बलुतेदारांचा खळ्यावरचा हक्क यांच्या आधी पाखरांचा वसूल होई, आणि त्याला सूट-तहकुबी ठाऊक नव्हती.

परसातल्या पेरूला आणि मिरचीला (तिचा तिखटपणा पाखरांना जाणवतच नाही) पोपट-बुलबुल लागत. पण तिथे दिवसभर माणूस कोण बसविणार? म्हणून फाटकी बंडी आणि चुन्याचे ठिपके दिलेले काळे मडके यांचे बुजगावणे उभे राही; दृष्ट न लागण्याची तजवीजही त्यातच होई. पुढे इंग्रजी अमदानीत रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून येऊ लागले, तेव्हा रिकामा डबा झाडाला टांगून त्याची दोरी ओसरीपर्यंत आणण्याची सोय झाली. मला हा डबा बुजगावण्याहून श्रेष्ठ वाटतो, कारण दोरी ओढायला माणूस लागतो. निश्चल बाहुल्याला पाखरू चार दिवसांत ओळखते आणि त्याच्याच खांद्यावर बसून मिरची फोडते. कॅसेटच्या चकाकत्या फितींचेही पुढे तेच झाले.

मुले शाळेत गेली, मजुरी वाढली, माळे ओस पडले. शिवारभर ज्वारी असे तेव्हा नुकसान सर्वांत वाटले जाई. आता उसाच्या मळ्यांत एखाद्याच पट्टीत कणसे उभी राहिली तर पंचक्रोशीतला थवा तिच्यावरच उतरतो, आणि कित्येक शेतकऱ्यांनी राखणीबरोबर ज्वारीचाही नाद सोडला आहे.