धांवा आणि दान

फांसे आणि देव यांची गांठ आपल्या वाचकांस नवी नाहीं. कौरवसभेंत द्रौपदीनें धांवा केला आणि भगवंतानें तिची लाज राखिली, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्याच प्रसंगांतील एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. देवानें वस्त्र पुरविलें. शकुनीचे फांसे मात्र उलटविले नाहींत. पुढें वनपर्वांत श्रीकृष्ण स्वतःच सांगतो कीं, त्या वेळीं आपण शाल्वाशीं लढण्यांत गुंतलों होतों, नाहीं तर हें द्यूत होऊंच दिलें नसतें. म्हणजे देवाच्या साहाय्याला महाभारतकारांनींही कांहीं मर्यादा मानिली होती. ती मर्यादा नेमकी कोठें असावी, हा जुना प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, अमेरिकेंतील एका खेळांत, पुन्हां उपस्थित झाला आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला आणि विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून १९७४ सालीं तो प्रसिद्ध झाला. चार-सहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात आणि प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी देवाचा पुजारी. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो व वाटेंत राक्षस उभे करतो. पात्रानें काय करावें हें खेळणारा ठरवितो. तें साधलें कीं नाहीं हें पुष्कळ वेळां फांसे ठरवितात. आतां या अद्भुत जगांत देव खरोखरच आहेत. मग संकटांत पुजाऱ्यानें हांक मारली असतां ते येणार कीं नाहीं? दर वेळीं आले तर योद्ध्याची तलवार व्यर्थ. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ म्हणून सर्वांनीं स्वस्थ बसावें. कधींच न आले तर पुजाऱ्याची पूजा व्यर्थ. ज्या प्रश्नापुढें तत्त्वज्ञांनीं हात टेकले, त्याचें उत्तर या नियमकर्त्यांना चक्क आंकड्यांत देणें भाग पडलें.

पहिला प्रयत्न १९७६ चा. रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड यांनीं ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ नांवाचें पुरवणी-पुस्तक लिहून देशोदेशींच्या दैवतांचें बळाबळ नोंदविलें. त्याच्या प्रस्तावनेंत टिम कास्क यांनीं एक टोला मारला आहे. कांहीं सूत्रधार इतके उदार झाले होते कीं, त्यांच्या खेळांतील मानव चाळिसाव्या पायरीच्याही वर चढून बसले होते. देवांचा पिता ओडिन याची घाव सोसण्याची शक्तिसुद्धां ३०० अंकांपुरतीच, हें पाहून तरी असल्या फुशारक्यांचें हंसें होईल, अशी त्यांची अपेक्षा. झालें उलटेंच! ३०० अंकांचा देव ३०० घावांनीं मरतो, एवढाच बोध कित्येक खेळणाऱ्यांनीं घेतला. १९८० सालच्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथांत तर आपले इंद्र, विष्णु आणि काली यांनाही असेच आंकडे चिकटविलेले आहेत. भाविक वाचकाला याचा राग येईल. मला त्यांत अश्रद्धेपेक्षां तर्कदोष अधिक दिसतो. मर्यादा घालावयाची ती देवाच्या बळाला, कीं त्याच्या येण्याला? बळाला घातली कीं देव हा केवळ एक मोठा राक्षस होऊन बसतो.

दुसरा मार्ग कथेचा. एड ग्रीनवुड यांनीं निर्मिलेल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक भूमींत देव फार आणि त्यांची लुडबूडही फार. १९८९ सालीं, खेळाची नियमावली बदलत असतां, तेथें एक नवें पुराणच रचण्यांत आलें. दैवलेखांच्या पाट्या चोरीस गेल्यामुळें एओ हा अधिदेव रागावतो आणि पहारेकरी हेल्म याच्याखेरीज इतर देवांना मर्त्य देहानें पृथ्वीवर लोटून देतो. बळेंच वर चढूं पाहणारी जादूची देवता मिस्ट्रा त्या हेल्मच्याच हातून मरते. शेवटीं एओ निर्बंध घालतो कीं, यापुढें देवाचें सामर्थ्य त्याच्या उपासकांवर अवलंबून राहील. अष्टवसूंच्या शापाची कथा ऐकलेल्या आपणांस हा प्रकार परका वाटूं नये. देवालाही भक्ताची गरज लागावी, म्हणजे तो भक्ताला विसरणार नाहीं, असा हा विचार आहे.

तिसरा, आणि मला सर्वांत मार्मिक वाटणारा, नियम २०१४ च्या पांचव्या आवृत्तींतील. पात्राच्या एकंदर पायऱ्या वीस; दहावी गांठल्यावर पुजाऱ्याला धांव्याचा अधिकार मिळतो. त्यानें १ ते १०० पर्यंतचें दान टाकावयाचें. तें त्याच्या पायरीइतकें किंवा त्याहून कमी पडलें तरच देव येतो. दहाव्या पायरीला शंभरांत दहा, एकोणिसाव्या पायरीला शंभरांत एकोणीस! इतकी सेवा केलेल्याची हांकही पांचांतून चार वेळां रितीच परत येते. विसाव्या पायरीला मात्र दान टाकावेंच लागत नाहीं. देव एकदां आला कीं सात दिवस पुन्हां हांक मारतां येत नाहीं. न आला तर दीर्घ विश्रांति घेऊन पुन्हां मारावी. तो कोणत्या रूपानें साहाय्य करील, हें सूत्रधाराच्या हातीं.

२०२४ च्या सुधारलेल्या नियमावलींत हें दान काढून टाकण्यांत आलें. आतां दहाव्या पायरीचा पुजारी आपल्या मंत्रांपैकीं पांचव्या प्रतीपर्यंतचा जवळजवळ कोणताही मंत्र निवडतो, तो हटकून हातीं येतो, आणि एका दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हां तोच अधिकार मिळतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीनें हें न्याय्यच आहे. दहा पायऱ्या चढून आलेल्याला रिकाम्या हातानें कां परतवावें? परंतु याला धांवा म्हणवत नाहीं. ही दर्शनी हुंडी झाली. पेढीवर नेऊन दाखवावी आणि रक्कम मोजून घ्यावी. ज्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक उरली नाहीं, त्याच्यापुढें हात जोडण्याचें कारणही उरत नाहीं.

जुना नियम निष्ठुर होता, पण आपल्या जीवनाच्या अधिक जवळचा होता. घरांत कोणी अत्यवस्थ असतां आपण देवापुढें दिवा लावतों आणि त्याच घटकेला डॉक्टरकडे माणूस धाडतों. दिव्याचा हटकून भरंवसा असता तर माणूस धाडला नसता. मुळींच नसता तर दिवा लावला नसता. रात्रभर दोन्ही चालूं राहतात, आणि सकाळीं काय होईल हें ठाऊक नसतांही घरांतील कोणी दिव्यांत तेल घालावयास विसरत नाहीं.