धोबीतलावचे जर्मन फादर

सुनील गावसकर सेंट झेवियर्स हायस्कूलचा, हे आपल्या सगळ्यांना पाठ. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्डच्या गप्पाही रंगतात. पण "ती इंग्रजांची शाळा" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

अहो, १८६९ साली धोबीतलावला मुलांसाठी ही शाळा काढली जेझुइट पाद्र्यांनी, आणि मुंबईचं मिशन तेव्हा जर्मन जेझुइटांकडे होतं! शाळा कॅथलिकांची, पण बाकांवर पारशी, हिंदू पोरंही बसायची.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. ज्यांनी उमेदीची वर्षं इथल्या पोरांना शिकवण्यात घालवली, ते सरकारदरबारी एकदम 'शत्रू' झाले. अनेकांना स्थानबद्ध केलं, पुढे मायदेशी धाडलं. गुन्हा एवढाच, की जन्म जर्मनीतला. शिकवणारे गेले तरी शाळा बंद पडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग मिशन स्पेनच्या जेझुइटांकडे आलं. झेवियर्स कॉलेजातले इतिहाससंशोधक फादर हेरास त्यांतलेच.

आज शाळेसमोरच्या रस्त्याला नाव आहे लोकमान्य टिळकांचं. कुणाच्या पणजोबांचा तेव्हाचा शाळेचा दाखला ट्रंकेत असेल, तर फोटो टाका राव!