घरीं परतणाऱ्याची ओळख



ग्रीक महाकवि होमर याच्या नांवावर चालत आलेल्या दोन महाकाव्यांपैकीं ‘ओडिसी’ हें काव्य घरीं परतणाऱ्या एका वीराचें आहे. ओडिसिअस हा इथाका नांवाच्या लहानशा बेटाचा राजा. ट्रॉयच्या युद्धांत त्याचीं दहा वर्षें गेलीं आणि युद्ध संपल्यावर घर गांठण्यांत आणखी दहा. बरोबरचीं बारा गलबतें आणि सारे सोबती वाटेंत नाहींसे झाले. एका अप्सरेच्या बेटावर सात वर्षें अडकून पडावें लागलें. आणि अखेर तो एकटा, भिकाऱ्याच्या वेषांत, स्वतःच्याच दारीं उभा राहिला. या काव्याचे चोवीस सर्ग आहेत, आणि त्यांतील उत्तरार्ध तो इथाकेस पोंचल्यानंतरचा आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. समुद्र ओलांडणें हें अर्धें काम. ‘मी तोच’ हें घरच्या माणसांस पटविणें हें उरलेलें अर्धें.

आपल्या इतिहासांत असा प्रसंग शोधूं लागलें म्हणजे आग्र्याहून निसटून आलेल्या शिवछत्रपतींचें स्मरण प्रथम होतें. तो प्रवास अलौकिक साहसाचा खरा. परंतु तो १६६६ या एकाच सालांत पुरा झाला, आणि राजगडावर त्यांच्या ओळखीविषयीं वाद उरला नाहीं. ग्रीक कथेशीं अधिक जवळचें नातें आहे तें त्यांचे नातू शाहूमहाराज यांच्या परतण्याचें. आणि त्या परतीचें एक महत्त्वाचें पर्व आपल्याच औरंगाबादेच्या मुलखांत घडलें आहे.

शाहूमहाराजांचा जन्म १८ मे १६८२ चा. मार्च १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रायगड मोगलांच्या हातीं पडला. सात वर्षांचा हा मुलगा आपली आई येसूबाई यांच्यासह बादशहाच्या छावणींत गेला. पुढलीं सतरा-अठरा वर्षें त्या छावणींतच गेलीं. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिनें त्याचा ममतेनें सांभाळ केला; सात हजारांची मनसबहि मिळाली. ओडिसिअसला अप्सरेनें अमरत्व देऊं केलें होतें, तरी तो समुद्राकांठीं बसून घराकडे डोळे लावी. येथेंहि पिंजरा सोन्याचा होता. पण पिंजराच तो.

३ मार्च १७०७ रोजीं अहमदनगराजवळ औरंगजेब मरण पावला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठीं भावाशीं लढावयास उत्तरेकडे निघाला, तेव्हां शाहूमहाराजांनाहि त्यानें बरोबर नेलें. ८ मे १७०७ रोजीं भोपाळच्या बाजूस दोराहा येथें महाराज छावणींतून मोकळे झाले. या सुटकेंत औदार्यापेक्षां राजकारण अधिक होतें. राजाराममहाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईसाहेब आपल्या पुत्राच्या नांवानें राज्य चालवीत होत्या, आणि मोगलांशीं निकरानें झुंजत होत्या. गादीचा दुसरा वारस दक्षिणेंत उतरला कीं मराठे आपसांत लढतील, असा झुल्फिकारखानासारख्या सरदारांचा हिशेब होता. आणि जामीन म्हणून येसूबाई व महाराजांचे सावत्र भाऊ मदनसिंग यांना मागेंच ठेवून घेण्यांत आलें.

नर्मदा ओलांडून महाराज खानदेशांत आले. थोड्याशा लोकांनिशीं निघालेल्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाला वाटेंत सोबती मिळत गेले. अमृतराव कदमबांडे आले, वऱ्हाडांतून परसोजी भोसले आले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे अनुभवी सरदार येऊन मिळाले. ओडिसिअसचे सोबती वाटेंत सरत गेले. येथें वाटेंत सोबती जमत गेले.

परंतु साऱ्यांनींच स्वागत केलें असें नाहीं. औरंगाबादेच्या परिसरांतील पारद गांवच्या पाटलानें महाराजांच्या सैन्याला विरोध केला. लढाई झाली, गांवचे लोक मारले गेले, पाटीलहि पडला. तेव्हां त्याच्या विधवेनें आपलें तान्हें मूल आणून महाराजांच्या पालखींत टाकलें आणि त्याला अभय मागितलें. महाराजांनीं तें मूल स्वीकारलें. ही आपली पहिली फत्ते, म्हणून त्याचें नांव फत्तेसिंग ठेविलें आणि भोसले हें आडनांव दिलें. राणोजी लोखंडे हा तो मुलगा पुढें अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळपुरुष झाला.

ही कथा आपण कौतुकानें सांगतों. पण घरीं परतणाऱ्याची पहिली फत्ते ही आपल्याच रयतेवरची फत्ते होती, हें त्या नांवांतच कायमचें कोरलें गेलें आहे. त्या पाटलाला हा तरुण कोण हें कसें कळावें? अठरा वर्षें ज्याला कोणी पाहिलें नाहीं, तो मोगलांच्या बाजूनें फौज घेऊन येतो, एवढेंच त्याला दिसलें असेल.

येथेंच दोन कथांतील महत्त्वाचा भेद आहे. ओडिसिअस घरून निघाला तो पुरता वाढलेला पुरुष होता. त्याच्या मांडीवर रानडुकराच्या दांताचा वण होता. तो पाहून म्हाताऱ्या दाईनें त्याला ओळखलें. उकिरड्यावर पडलेला त्याचा कुत्रा आर्गस धन्याचा आवाज ऐकून शेपूट हालवून प्राण सोडतो. पत्नी पेनेलोपी त्यांच्या पलंगाचें गुपित विचारून खात्री करून घेते. शाहूमहाराजांपाशीं असा एकहि वण नव्हता. सात वर्षांचें मूल गेलें आणि मिशा फुटलेला पुरुष परत आला. त्याला पाहून कोणी काय ओळखावें? ताराबाईंनीं हा तोतया असल्याचें जाहीर केलें. त्यांत राजकारण होतें, परंतु नुसतें राजकारण नव्हतें. शंकेला जागा होती.

मग ही शंका फिटली कशी? परसोजी भोसल्यांनीं महाराजांबरोबर एका ताटांत भोजन केलें, असें इतिहास सांगतो. ज्या काळांत कोणी कोणाच्या पंक्तीस बसावें यावर माणसाचें कूळ ठरे, त्या काळांत ही साक्ष कोणत्याहि कागदापेक्षां भारी होती. परसोजींनीं वण पाहिला नाहीं. त्यांनीं आपली स्वतःची अब्रू त्या ताटांत घातली. खंडो बल्लाळ चिटणीसांनींहि खात्री करून घेतल्याचें बखरींत येतें. पुढें १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं भीमेकांठीं खेडच्या रणांगणावर ताराबाईंचे सेनापति धनाजी जाधव महाराजांना मिळाले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

ग्रीक कथेचा शेवट रक्तांत होतो. पेनेलोपीशीं विवाह करूं पाहणाऱ्या एकशें आठ जणांना ओडिसिअस आपल्या वाड्यांत ठार मारतो. आपल्याकडेहि भाऊबंदकीचें युद्ध वर्षानुवर्षें चाललें, आणि कोल्हापूर व सातारा अशीं दोन राज्यें झालीं. परंतु १७३१ च्या वारणेच्या तहानें त्याचा निकाल लागला. ज्या चुलतीनें तोतया ठरविलें होतें, तिलाच महाराजांनीं साताऱ्यास मानानें राहावयास जागा दिली. त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधि संगममाहुलीस अजून दाखवितात. ती पाहणाऱ्यास आर्गसची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां राहिल्या येसूबाई. ओडिसिअसची आई त्याची वाट पाहतां पाहतां मरते. पाताळांत तिची छाया त्याला भेटते, आणि तीन वेळां मिठी मारूं जातां तिन्ही वेळां हात रिकामे राहतात. येसूबाईंचा मुलगा घरीं गेला, तेव्हां त्याच्या घरीं जाण्याची किंमत म्हणून त्या शत्रूच्या हातीं राहिल्या. त्यावर आणखी बारा वर्षें. बाळाजी विश्वनाथ सय्यदबंधूंच्या साह्यार्थ दिल्लीस गेले आणि १७१९ च्या मार्चांत त्यांनीं चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. मराठ्यांच्या इतिहासांत या सनदांना मोठें स्थान आहे, तें योग्यच आहे. पण त्याच तांड्याबरोबर त्या वर्षीच्या जुलैंत येसूबाई साताऱ्यास पोंचल्या. रायगड सोडल्यास तीस वर्षें होत आलीं होतीं. ओडिसिअसच्या वीस वर्षांच्या दीडपट.

शाहूमहाराजांच्या राज्याभिषेकाची तिथि आपण मुलांकडून पाठ करून घेतों. त्यांचें घरीं परतणें मात्र त्या दिवशीं पुरें झालें नव्हतें. तें या माउलीच्या पालखीनें साताऱ्याची वेस ओलांडली तेव्हां पुरें झालें. आपल्या शहरास २०२३ सालीं तिच्या पतीचें नांव अधिकृतपणें मिळालें आहे. तें नांव उच्चारतांना, ज्या स्त्रीनें कुठल्याहि महाकाव्यावांचून हा सर्वांत लांबचा प्रवास केला, तिचेंहि स्मरण आपण ठेवावें, एवढीच विनंती करून आपली रजा घेतों.