जात्यावरील ओवी आणि मनाचे उपचार

पंढरपूरच्या उत्तरेस करकंब नांवाचें मोठें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या प्रौढ बाईचें मन खचलें, झोप उडाली, बोलणें तुटलें, आणि तिला शहरांतील कलोपचारकाकडे नेलें, तर तिच्यापुढें बहुधा कोरा कागद आणि रंगांची पेटी येईल. ज्या हातांनीं जन्मांत कुंचला धरला नाहीं, ते त्या कागदापुढें अवघडतील; आपली परीक्षाच चालली आहे, असें तिला वाटेल. उपचार कलेचा खरा. परंतु ती कला कोणाची?

‘आर्ट थेरपी’ हा शब्द एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानें १९४२ सालीं योजिला. १९३८ मध्यें क्षयानें आजारी होऊन आरोग्यधामांत पडला असतां त्यानें अंथरुणावरच चित्रें काढलीं, स्वतःचें मन सावरलें, आणि मग इतर रुग्णांना तोच मार्ग दाखविला. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, हिल मुळांत चित्रकार होता. त्याचें औषध त्याच्या घरचेंच होतें. पुढें पद्धति देशोदेशीं गेली, तेव्हां तिच्याबरोबर कुंचलाहि गेला; जणूं औषधी गुण त्या कुंचल्यांतच होता!

आपल्याकडे मूळच्या अमेरिकन, परंतु विवाहानें महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा काढली. देशांतील ती पहिली. हाताला अर्थपूर्ण काम मिळालें म्हणजे शरीराबरोबर मनहि उभारी धरतें, हें या शास्त्राचें मूलतत्त्व. परंतु कोणत्या कामांत आणि कोणत्या सुरांत माणसाचें मन आधींच गुंतलें आहे, हें जाणण्यास खेडोपाडीं जाऊन ऐकणेंच भाग होतें.

तें ऐकण्याचें काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्यें जन्मून पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनीं केलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हेतु उपचाराचा नव्हता. परंतु उपचारकानें शिकावें असें त्यांत पुष्कळ आहे. सासरीं मन मोकळें करण्यास जागा नव्हती, त्या काळीं पहांटेचें जातें हीच ती जागा. हाताची फेरी एका लयींत, श्वास त्या लयीला बांधलेला, आणि दुःख दोन ओळींच्या मापांत बसलेलें. बोल आईला, भावाला किंवा विठूला उद्देशून. म्हणून गाऱ्हाणें कोणावर आळ होत नसे. समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई ऐके आणि साथ देई. सुरक्षित जागा, लय आणि ऐकणारें माणूस: आजचा उपचारक हींच तीन साधनें प्रयासानें जुळवीत असतो.

तरीहि सर्वांची ओवी एक नव्हे. या संग्रहांत विठोबा आहे, सीता आहे, आणि डॉ. आंबेडकरहि आहेत. गांव पंढरीजवळचें, म्हणून येणाऱ्या प्रत्येकास अभंगच ऐकविणारा उपचारक कुंचला देणाऱ्याइतकाच चुकतो. एकाच गल्लींत एकीला ओवी आठवेल, दुसरीला गोधडीचे टांके, तिसरीला आजीची अंगाई. आधीं विचारावें, मग साधन निवडावें.

जात्याचा मोह मात्र नको. त्या कष्टांनीं बायकांच्या कमरा मोडल्या, आणि भारी मनोविकारास ओवी पुरत नाहीं. तेथें डॉक्टरच हवा. पिठाची गिरणी आली, हात सुटले, हें उत्तमच झालें. परंतु दळणाबरोबर बोलण्याची ती घटकाहि गेली, आणि तिच्या जागीं दुसरी आपण अद्याप नीट दिली नाहीं. त्या ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत, त्या बाया आज वृद्ध आहेत. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर नांव, वय, दुखणें यांबरोबर आणखी एक रकाना असावा: ‘बाई, काम करतांना तुम्ही काय गुणगुणत असां?’ उपचाराची खरी सुरुवात तेथून व्हावी.