कान दिसतो, मेंदू दिसत नाही

जुना मल्ल ओळखायला त्याचे दंड पाहावे लागत नाहीत. त्याचे कान पाहिले तरी पुरते. धाराशिव जिल्ह्यातील तालमींत आणि जत्रेच्या फडात असे चेपलेले, गाठाळलेले कान आजही दिसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली, तेव्हाही ते पाहायला मिळाले. सतत घासून व दाबून कानाच्या कूर्चेवरचे आवरण सुटते, मध्ये रक्त साकळते आणि पुढे तेथे टणक गाठ बनते. ही खूण फार जुनी आहे. रोममध्ये १८८५ साली सापडलेल्या मुष्टियोद्ध्याच्या प्राचीन कांस्य पुतळ्याचे कानही असेच सुजलेले आहेत.

म्हणजे कानाची इजा शिल्पकाराला दोन हजार वर्षांपूर्वी दिसली होती. त्याच डोक्यातल्या मेंदूचे काय होते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९२८ साली अमेरिकेतील न्यू जर्सीचे वैद्यक तपासनीस हॅरिसन मार्टलँड यांनी ‘पंच ड्रंक’ या नावाने एक निबंध प्रसिद्ध केला. पाय ओढत चालणे, हात थरथरणे, बोलणे जड होणे, बुद्धी मंदावणे ही मुष्टियोद्ध्यांतील लक्षणे दारूची नसून वारंवार बसलेल्या गुद्द्यांची असावीत, असे त्यांनी मांडले. विशेष म्हणजे खेळाच्या शौकिनांना ही लक्षणे आधीपासून ठाऊक होती. वैद्यकाने मात्र त्यांची दखल घेतली नव्हती. घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना रेडियमची बाधा होते हे दाखवणारे मार्टलँड ते हेच.

अनुमान झाले, पुरावा हवा होता. तो १९७३ साली ब्रिटनमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी १५ दिवंगत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले व नातेवाइकांकडून त्यांच्या अखेरच्या दिवसांची माहिती घेतली. मेंदूत ठरावीक जागी झीज आणि चेतापेशींत तंतूंचे गुंते आढळले. तरीही हा आजार केवळ मुष्टियुद्धाचा, असाच समज राहिला.

तो समज मोडला २००२ नंतर. अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर वयाच्या पन्नाशीत वारला. त्याचा मेंदू वरून अगदी निरोगी दिसत होता. मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात टाऊ या प्रथिनाचे साठे सापडले. २००५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या खेळाच्या व्यावसायिक संघटनेशी संबंधित डॉक्टरांनी निबंध मागे घेण्याची मागणी केली. पुढे २०१९ मध्ये ग्लासगो येथे ७,६७६ माजी फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीन पट होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी होते. खेळाचा लाभ आणि धोका असे दोन्ही एकाच अभ्यासात दिसले.

असे का घडते, हे वर्गात दाखवता येईल. झाकणाच्या पारदर्शक बरणीत घट्ट दही लावा. बरणी हातात धरून झटकन फिरवा आणि थांबवा. बरणीला ओरखडाही नसतो, पण दही मोडते. आता बरणीभोवती जाड कापड गुंडाळून तसेच करा. दही तरीही मोडते. शिरस्त्राण कवटीला वाचवते, पण आतला हिसका पुरता थांबवू शकत नाही. मेंदूत अशा हिसक्याने चेतातंतू ताणले जातात आणि त्यांना आधार देणारे टाऊ प्रथिन सुटून गुठळ्या करू लागते. शुद्ध हरपण्याइतका मोठा आघातच हवा असे नाही. वर्षानुवर्षांचे लहान धक्केही साठत जातात.

हे निष्कर्ष कुस्ती-कबड्डीला जसेच्या तसे लावू नयेत. कुस्तीत गुद्दे नसतात, आणि उकरून तेल-ताक घालून मऊ केलेली आखाड्यातील लाल माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. पण शाळेच्या कडक मैदानावर कबड्डीतील पकडीत गुडघा डोक्याला लागतो, तेव्हा मेंदूला हिसका बसतोच. अशा वेळी ‘ऊठ, काही झालं नाही’ म्हणून पोराला पुन्हा चढाईला पाठवणे ही आपली जुनी सवय. ती सोडायला हवी. गोंधळ, चक्कर, डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी खेळ बंद. उलट्या, वाढती ग्लानी किंवा झटके आले तर तडक रुग्णालय. आणि एका वहीत तारीख, नाव व लक्षणे यांची नोंद.

मार्टलँड यांनी अशाच साध्या निरीक्षणांकडे लक्ष दिले होते. कान स्वतःची नोंद स्वतः ठेवतो. मेंदूची नोंद दुसऱ्या कोणीतरी ठेवावी लागते, आणि मैदानावर त्या क्षणी हजर असतो तो शिक्षक.